दुकान वाढवायच्या वेळी आलेलं गिऱ्हाईक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत कापडाच्या धंद्यात असल्यामुळे नव्यानं दुकान टाकणाऱ्यांशी आणि काउंटरवर काम करणाऱ्या पोरापोरींशी माझं सतत बोलणं होतं. त्यांच्याकडून एकाच विषयावरचे प्रश्न फिरून फिरून येतात. दिवसभराचं काम आटोपलं, घड्या घालून झाल्या, दुकान वाढवायची म्हणजे बंद करायची वेळ झाली, आणि तेवढ्यात दारात कुणी उभं राहिलं तर करायचं काय? गणपती पेठ, विश्रामबाग, माधवनगर, मिरज, तासगाव, विटा इथल्या मंडळींनी विचारलेलं इथं एकत्र केलं आहे. बरीचशी उत्तरं कापडाच्या दुकानाला धरून आहेत. मेडिकल, सराफी, हॉटेल यांचं गणित वेगळं, म्हणून ते स्वतंत्र दिलंय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गिऱ्हाईकाला वेळ सांगायला अजिबात लाजू नका, फक्त ते बसायच्या आधी सांगा. दारात सांगितलं तर माणूस मान डोलावतो. साड्या उलगडून झाल्यावर तेच सांगितलं तर तो दुखावतो, आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो.

१. दुकान वाढवायची वेळ म्हणजे नक्की कोणती? पाटीवरची की शटर पडतं ती?

या दोन वेगळ्या वेळा आहेत आणि दोन्ही ठरवाव्या लागतात. एक, नवं गिऱ्हाईक आत घ्यायची शेवटची वेळ. दुसरी, शटर पडायची. पाटीवर पहिली ठळक लिहा. बहुतेक दुकानांत पाटीवर फक्त शटरची वेळ असते. गिऱ्हाईक ती वाचून बरोबर पाच मिनिटं आधी पोचतं, आणि आतल्या सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. यात त्या माणसाचा काय दोष?

दोन्हींत अंतर किती ठेवायचं ते मालावर आहे. साडीच्या दुकानात अर्धा तास हवाच, कारण एक साडी विकायची तर दहा उलगडाव्या लागतात आणि नऊ पुन्हा घडीला न्याव्या लागतात. रेडिमेडला ट्रायल रूममुळे वीसेक मिनिटं धरा. किराणा, स्टेशनरीला पाच-दहा मिनिटं पुष्कळ झाली.

२. लोक नेमके शेवटच्या अर्ध्या तासातच का येतात? मुद्दाम करतात का?

नाही. आपल्या भागाचा दिवसच तसा चालतो. कुपवाड एमआयडीसीतला माणूस शिफ्ट सुटल्यावर घरी जाऊन, हातपाय धुऊन, बायकोला गाडीवर घेऊन निघतो, तो आठच्या आत पेठेत पोचणं अवघडच. मार्केट यार्डात हळद नाहीतर बेदाणा घेऊन आलेल्या शेतकऱ्याचं दिवसभराचं काम उरकतं, हातात पैसे पडतात, मग त्याला घरच्यांसाठी काहीतरी न्यावंसं वाटतं. जत, कवठेमहांकाळकडचे लोक मिरजेच्या दवाखान्यात दिवस काढून गावाकडे परतायच्या आधी सांगलीत येऊन जातात. आणि एप्रिल-मेमध्ये तर ऊन कलल्याशिवाय रस्त्यावर माणूसच दिसत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की उशिरा आलेल्याकडे आधी संशयानं बघू नका. त्याचा दिवस तुमच्याइतकाच लांबलेला असतो.

३. पाटीवर साडेआठ लिहिलंय आणि गिऱ्हाईक आठ पंचविसला आलं. आत घ्यायचं का?

घ्यायचं. तुम्हीच लिहिलेल्या वेळेच्या आत ते आलेलं आहे. पण काय हवंय ते उंबऱ्यावरच विचारा. टॉवेल, अस्तर, फॉल, परकराचं कापड, शाळेचा शर्ट ही पाच मिनिटांची कामं, ती झटक्यात उरकतात. "दिवाळीच्या साड्या बघू" असं म्हटलं तर खरं सांगा, की आज फक्त दोन रॅकमधलं दाखवता येईल, सगळं बघायचं तर सकाळी या. बहुतेक बायका सकाळीच येतात, कारण घाईत साडी घ्यायला त्यांनाही आवडत नाही.

एकदा आत घेतलं की मात्र काम पुरं करायचं. घेतलं आणि मग रेटत बाहेर काढलं, यापेक्षा वाईट काही नाही.

४. वेळ सांगायची तर शब्द कोणते वापरू? समोरच्याला हाकलल्यासारखं वाटतं.

मी पोरांना हे वाक्य पाठ करायला लावतो: "या की मावशी. साडेआठला वाढवतो आम्ही, तोवर दाखवतो. काय बघायचंय?" आधी 'या', मध्ये वेळ, शेवटी प्रश्न. वाक्य प्रश्नावर थांबलं की माणूस वेळेवर अडून राहत नाही, काय हवंय ते सांगायला लागतो.

वेळ होऊन गेली असेल तर: "काका, आजचं वाढवलं बघा. सकाळी दहाला उघडतो. काय पाहिजे ते सांगून जा, काढून ठेवतो." आणि खरोखर काढून ठेवा, नावाची चिठ्ठी लावून. सकाळी येऊन तो माणूस ती चिठ्ठी बघतो तेव्हा रात्रीचं सगळं विसरतो.

हाक माणूस बघून मारा. नऊवारीतल्या आजींना 'मॅडम' म्हणू नका, त्या आजी नाहीतर आक्का. विश्रामबागेत कॉलेजच्या मुलींना 'ताई' चालतं. खेड्यातून आलेल्या बरोबरीच्या माणसाला 'पाव्हणं' म्हटलं तर तो हसून आत येतो.

५. बोलायला संकोच वाटतो म्हणून आम्ही पंखे-दिवे बंद करायला सुरुवात करतो. ते चालेल ना?

चालणार नाही. न बोलता केलेल्या या खुणा बोलण्यापेक्षा जास्त लागतात. एकेक दिवा मालवणं, घड्याळाकडे बघणं, काउंटरवर चाव्या वाजवणं, गिऱ्हाईकाच्या हातातलं कापड ओढून घडी घालणं, यातलं काहीच नको. झाडू तर मुळीच काढू नका. तिन्हीसांजेनंतर केर काढू नये असं घरात ऐकत वाढलेली बाई दुकानात पायाशी झाडू फिरलेला बघते तेव्हा तिला तो स्वतःचाही अपमान वाटतो आणि तुमच्या लक्ष्मीचाही. केर सकाळी, दुकान उघडल्यावर.

आवरायचं असेल तर रीतसर आवरा. शेवटच्या अर्ध्या तासात गादीवर एका वेळी पाचाच्या वर साड्या उघड्या ठेवायच्या नाहीत, हा आमचा नेम. जी 'नको' म्हटली ती लगेच उचलायची. दोन पोरं समोरासमोर उभी राहतात, एकानं काठ धरायचा, दुसऱ्यानं पदर, साडेपाच मीटरची घडी बघता बघता बसते आणि किमतीची चिठ्ठी वर राहते. हे गिऱ्हाईकाच्या नजरेसमोर पण त्याच्यापासून हातभर लांब करायचं. त्याला घाई केल्यासारखं वाटत नाही, आणि तो उठतो तेव्हा डोंगरही उरत नाही.

६. अर्धं शटर ओढलं तरी लोक वाकून आत येतात. काय करावं?

अर्धं शटर आणि आत लख्ख उजेड म्हणजे रस्त्यावरच्या माणसाच्या लेखी दुकान उघडंच. शटर एकतर पूर्ण वर ठेवा नाहीतर पूर्ण खाली. आत घ्यायची वेळ संपली की एक जण दारात उभा करा, त्याच्याकडे प्रश्न ४ मधलं वाक्य असू द्या. दर्शनी भागाचा दिवा बंद करून आतला चालू ठेवला तर आत बसलेल्याला त्रास नाही आणि बाहेरच्याला कळतं. अर्ध्या शटरची खालची पट्टी कपाळाला लागून लोकांना टाके पडतात, हेही ध्यानात ठेवा.

७. "फक्त बघायचंय, घ्यायचं नाही" म्हणणाऱ्यांना शेवटच्या वेळी दाखवायचं का?

आत घ्यायच्या वेळेत आले असतील तर दाखवा. आज बघणारा लग्नसराईत घेतो. वेळेनंतर आले तर काचेतलं बघू द्या आणि सकाळी बोलवा.

८. बस्त्याची, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीची, मंडळी संध्याकाळी साडेसातला गाडी भरून आली, तर परत पाठवायची? एवढं मोठं गिऱ्हाईक!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त दुकानदार इथंच फसतात.

बस्त्याला येतात पंधरा-वीस माणसं. नवरीची आई, मामा, आत्या, दोन्हीकडचे मानकरी, कडेवर पोरं. नवरीच्या शालूलाच जास्त वेळ लागेल असं आपण धरतो आणि बाकीचं भराभर होईल अशी आशा करतो. होतं उलटं. शालू तासात ठरतो, मानपानाच्या साड्यांना तीन तास लागतात. कारण तिथं रंग बघत नाहीत, किंमत बघतात. मामीची साडी आत्याच्या साडीपेक्षा शंभरानं कमी निघाली की सगळी थप्पी पुन्हा खाली. मग टॉवेल-टोप्या, फेटे, ब्लाउजपीस, पोरांचे ड्रेस. साडेसातला सुरू झालेला बस्ता अकराच्या आत बांधून होत नाही, हे मनाशी पक्कं करूनच पुढचं ठरवा.

गाडीतून सगळे उतरायच्या आत मालकानं स्वतः बाहेर यावं. पोराला पाठवू नये. यादी कुणाकडे आहे ते विचारावं आणि त्या यजमानांना बाजूला घेऊन विचारावं, "आज शालू आणि नवरदेवाचं घेऊ, मानपानाचं उद्या तुम्ही दोघं येऊन घ्याल का?" पुष्कळदा हो म्हणतात, कारण मानपानाला एवढी माणसं जवळ नसली तर त्यांचंही सोपं जातं. दोन्हीकडचे मानकरी एकदाच जमलेत, सगळं आजच व्हायला पाहिजे, असं ते म्हणाले तर आत जाऊन आपल्या माणसांना विचारा. कोण थांबू शकतं? थांबणाऱ्याला जादा पैसे, जेवण आणि घरापर्यंत सोडणं, हे तिन्ही कबूल करून मगच 'हो' म्हणा (पैशांचं प्रश्न ९ मध्ये). पुरेशी माणसं थांबत नसतील तर तिथंच, गाडीपाशी, हात जोडून नाही म्हणा आणि सकाळी दहाची वेळ द्या. हळदकुंकू लावून पहिलं वस्त्र उघडलं की बस्ता मध्येच सोडता येत नाही. तो त्या घराला अपशकुन वाटतो, आणि तुमचं नाव गावभर खराब होतं.

बस्त्याला थांबायचं ठरवलंत तर वयस्करांना आधी भिंतीला टेकून बसायची सोय करा, पाणी द्या, चहा सांगा. भुकेलं पोर रडायला लागलं की खरेदीतला सगळा जीव जातो. जवळ भडंगाचा पुडा ठेवलेला बरा.

हंगामात हे टाळायचं असेल तर सकाळी फोन करून येणाऱ्यांना दुपारी दोनच्या आतली वेळ द्या आणि दुसऱ्या कुणाला तीच वेळ देऊ नका. वेळ राखून ठेवली म्हटल्यावर मंडळी ती पाळतात.

९. उशीर झाला तर कामावरच्या लोकांना जादा पैसे द्यावेच लागतात का? कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे 'महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७' आहे, तो १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९४८ च्या कायद्यात दुकान किती वाजता बंद करायचं याचीही बंधनं होती. नव्या कायद्यानं ती काढली, वर्षातले सगळे दिवस दुकान उघडं ठेवायला वाट केली, पण माणसाच्या कामाच्या तासांना हद्द घातली. दुकान कितीही वेळ उघडं राहो, माणूस राहू शकत नाही, असा त्याचा रोख आहे. ठरलेल्या तासांच्या वर काम घेतलं तर साध्या दराच्या दुप्पट मजुरी द्यायची.

छोटी दुकानं या कायद्याच्या बहुतेक तरतुदींतून वगळलेली आहेत, त्यांना कामगार कार्यालयाला फक्त सूचना द्यायची असते. मूळ कायद्यात ही सूट दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना होती. पेठेतली बरीचशी दुकानं त्यातच बसतात. पण कायदा लागू नाही म्हणून पैसे द्यायचे नाहीत, हे मला पटत नाही. साडेआठनंतरचा तास त्या पोराचा स्वतःचा आहे. तो तुम्ही विकत घेताय. त्याची किंमत त्याच रात्री, गल्ल्यातून, हातात द्या. महिनाअखेरीला धरू म्हटलं की ते कुणाच्याच लक्षात राहत नाही, फक्त त्याच्या राहतं.

१०. कामाला बायका-मुली असतील तर रात्री थांबवता येतं का?

प्रश्न ९ मधल्याच कायद्यानुसार स्त्री कामगारांची साधी वेळ सकाळी ७ ते रात्री ९:३०. त्यापुढे तिची संमती हवी, आणि सुरक्षेची व घरी पोचवण्याची व्यवस्था मालकानं करायची. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत असं की बुधगावला, समडोळीला जाणारी मुलगी तिची ठरलेली गाडी चुकेल इतका वेळ कुठल्याही गिऱ्हाईकासाठी थांबता कामा नये. शेवटची गाडी कितीची, हे प्रत्येकीचं मालकाला तोंडपाठ असावं.

११. मी काउंटरवर काम करतो. मालक म्हणतात आठनंतर कुणाला घेऊ नको, पण कुणी आलं की स्वतःच "दाखव दाखव" म्हणतात. आम्ही काय करायचं?

त्या क्षणी वाद घालू नका, गिऱ्हाईकासमोर तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक नसताना, शांतपणे बोला. "शेठ, आठनंतर घ्यायचं असेल तर पाळी लावू. आज मी थांबतो, उद्या तो, आणि जो थांबेल तो सकाळी तासभर उशिरा येईल." तक्रारीऐवजी तोड घेऊन गेलात तर बहुतेक मालक ऐकतात.

आणि मालकांना सांगायचंय: तुमच्या पोरानं 'नाही' म्हटलेल्या माणसाला तुम्ही 'या या' म्हणालात, की पुढच्या वेळी तो माणूस पोराला विचारणारच नाही, सरळ तुमच्या नावानं हाक मारेल. पोराची पत तुम्हीच घालवलीत. सवलत द्यायचीच असेल तर पोराच्या तोंडून द्या. त्याला बाजूला बोलवून सांगा आणि त्यालाच "या" म्हणू द्या.

१२. नातेवाईक आणि नेहमीचं गिऱ्हाईक मुद्दाम उशिरा येतात, गर्दी नसते म्हणून. त्यांना कसं सांगणार?

त्यांना गर्दी नको असते, एवढंच. मग गर्दी नसलेली दुसरी वेळ त्यांना द्या. दुपारी दोन ते चार पेठ ओस असते. "वहिनी, दुपारी या, मी स्वतः बसतो तुमच्यासोबत." मालक स्वतः बसणार म्हटल्यावर माणसं वेळ बदलतात. एखाद्या दिवशी आलेच उशिरा, तर पोरांना सोडून द्या आणि तुम्ही एकटे दाखवा. नातं तुमचं आहे, त्यासाठी पोरांनी थांबायचं कारण नाही.

१३. गल्ला मोजून झाल्यावर विक्री झाली तर बिल उद्याच्या तारखेचं करावं का?

नाही. माल ज्या दिवशी हातात दिला त्याच दिवसाचं बिल, आणि ते माल देताना किंवा त्याआधी. जीएसटीचा नियमच तसा आहे. दोनशे रुपयांच्या आतल्या किरकोळ विक्रीला, समोरच्यानं बिल मागितलं नसेल तर, दिवसाअखेरीला एकत्र बिल करता येतं. म्हणून हिशोबाचा शेवटचा आकडा शटर पडल्यावरच टाका. मोजलेले पैसे पाकिटात बंद करून ठेवा, उशिराच्या विक्रीचे वेगळ्या डब्यात घ्या, पुन्हा सगळं मोजायला नको.

१४. शेवटच्या गिऱ्हाईकाचे यूपीआयचे पैसे अडकले. तो म्हणतो खात्यातून गेले, आमचा साउंड बॉक्स गप्प. माल द्यायचा का?

आधी दहा मिनिटं थांबा, रात्री कधीकधी सर्व्हर सावकाश चालतो. त्याच्या मोबाइलवरचा बारा आकडी यूटीआर (त्या व्यवहाराचा) क्रमांक वहीत लिहा, त्याचा नंबर घ्या आणि आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बघा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, गिऱ्हाईकाच्या खात्यातून कापले गेले पण दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत आपोआप परत जायला हवी, आणि त्यापुढे उशीर झाला तर बँकेनं रोज शंभर रुपये भरपाई द्यायची. हे त्याला सांगितलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. ओळखीचा असेल तर माल देऊन टाका. नसेल तर पिशवी बांधून, नाव घालून ठेवा, सकाळी न्यायला सांगा.

१५. साडी बदलून घ्यायला लोक बंद करायच्या वेळीच येतात. आज नको म्हणावं का?

माल खराब निघाला असेल तर वेळेचं कारण पुढं करू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर बिलाच्या मागे 'आज आणली होती' असं लिहून सही करा, पिशवी ठेवून घ्या, बदल सकाळी करा. नुसता रंग आवडला नाही म्हणून बदलायची असेल तर ती तुमची मर्जी. तिथं सकाळची वेळ द्यायला काहीच हरकत नाही.

१६. शटर पडल्यावर कुणी मयताचं सामान मागायला आलं तर?

शटर उघडायचं. कितीही वाजलेले असोत, जेवायला बसलेले असा, उघडायचं. आलेला माणूस बहुधा घरचा नसतो, शेजारी असतो नाहीतर भावकीतला, आणि तो हळू आवाजात "पांढरं कापड पाहिजे होतं" एवढंच म्हणतो. कशासाठी म्हणून विचारू नका, प्रकार दाखवू नका. सवाष्ण गेली असेल तर हिरवी साडी मागतील, मधल्या किमतीची एकच काढून द्या. पैशाचा विषय त्यांनी काढला तर घ्या, नाही काढला तर वहीत लिहा. निघताना सवयीनं "पुन्हा या" असं तोंडातून जाऊ देऊ नका. इथं वर लिहिलेला एकही नियम लागू नाही.

१७. माझं मिरजेत मेडिकल आहे. बंद करताना पेशंटचे नातेवाईक धावत येतात. नाही कसं म्हणायचं?

मिरजेला लांबलांबून, कर्नाटकातूनसुद्धा पेशंट येतात, तिथं शेवटचा माणूस आला असं कधी होतच नाही. फार्मासिस्ट दुकानात आहे तोवर चिठ्ठी बघा आणि औषध द्या. तो गेला की मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध कामावरच्या पोरानं हातानं काढून द्यायचं नाही, फार्मसी कायदा १९४८ त्याला परवानगी देत नाही. मग त्या माणसाला मोकळ्या हातानं परत पाठवू नका. जवळ रात्रभर उघडं असणारं मेडिकल कोणतं, रस्ता कसा, हे शटरवर मोठ्या अक्षरात मराठीत आणि कानडीत लिहून लावा. शक्य असेल तर तिथं फोन करून औषध आहे का तेही विचारून द्या. एवढं केलं तरी त्या माणसाची अर्धी धावपळ वाचते.

१८. सराफी दुकानात आणि हॉटेलात हेच नियम लावायचे का?

सराफीत नाही. तिथं ट्रे तिजोरीत जायला लागले की ओळखीच्यालाही दार उघडायचं नाही. कितीही जवळचा असो, सकाळी या म्हणायचं, कारण तो प्रश्न जोखमीचा आहे. हॉटेलात शेवटची ऑर्डर कितीला घेणार हे बसतानाच सांगा आणि भटारखान्यात काय उरलंय ते खरं सांगा. "झुणका-भाकरी आणि आमटी-भात मिळेल, बाकी संपलं" हे ऐकून भुकेला माणूस खूश होतो. खुर्च्या टेबलावर चढवायचं काम मात्र तो हात धुऊन उठल्यावर.

१९. लक्ष्मीपूजन झाल्यावर गल्ल्यातून पैसे बाहेर काढत नाही आम्ही. पूजेनंतर गिऱ्हाईक आलं तर?

खरेदीला आलं तर आनंदानं द्या, प्रसाद हातावर ठेवा. अडचण सुट्या पैशांची येते, म्हणून पूजेआधीच मोड वेगळ्या डब्यात काढून ठेवा, ती पूजेत मांडायची नाही. कुणी पैसे परत मागायला आलं (प्रश्न १५) तर आजच्या रात्रीचं कारण मोकळेपणानं सांगा आणि पुढची तारीख व वेळ लिहून द्या. आपल्याकडे हे कारण सगळे समजून घेतात.

२०. पुराच्या दिवसांत दुकान लवकर वाढवतो. लोक तरीही शेवटपर्यंत येत राहतात.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं, आणि पेठेतल्या कित्येकांचा माल गाळात गेला. पाणी चाळिशीकडे चाललं की माल माळ्यावर चढवायचा असतो, आणि कामावरचं कुणी सूर्यवंशी प्लॉटला, कुणी कर्नाळ रोडला राहत असतं. त्यांचं स्वतःचं घर आधी हलवायचं असतं. त्यांना दुपारीच सोडा. येणारी माणसं त्या दिवसांत शालू मागत नाहीत, चादरी, टॉवेल, रेनकोट, प्लास्टिक मागतात. तेवढा माल दाराशी टेबलावर काढून ठेवा, एक माणूस रोखीनं देत बसेल, बाकीचे आवरतील. किमती नेहमीच्याच ठेवा. त्या दिवसांत चादरीला पन्नास रुपये चढवणाऱ्याला सांगली विसरत नाही.

२१. रात्री कुणी पिऊन आलं आणि जायचं नावच घेईना?

वाद नको, अंगाला हात नको, विक्री नको. बायका-मुलींना आतल्या बाजूला जाऊ द्या, शेजारच्या दुकानदाराला हाक मारा. दोन मोठी माणसं शेजारी उभी राहिली की बहुतेक वेळा भागतं. नाही भागलं तर ११२ वर फोन करा, उगीच वाट बघत बसू नका.

२२. "निघालोय, पाच मिनिटांत पोचतो, थांबा" असा फोन येतो. किती थांबायचं?

'पाच मिनिटां'वर जाऊ नका, "आत्ता कुठं आहात?" असं विचारा. राजवाडा चौकात असेल तर थांबा. विश्रामबागेत असेल तर गर्दी धरून वीस मिनिटं. माधवनगर म्हणाला तर काय न्यायचंय ते विचारा. ठरलेली पिशवी घ्यायची असेल तर एक माणूस थांबू दे, बघून घ्यायचं असेल तर सकाळी बोलवा. तासगावहून निघालोय म्हणाला तर त्याला तिथंच अडवा, उगीच अंधारात गाडी हाणत येईल. आणि थांबतो म्हणालात की थांबाच. तो दमून भागून आला आणि कुलूप दिसलं, असं होता कामा नये. अगदीच निघावं लागलं तर पिशवीवर नाव आणि बिल लावून शेजारच्या पानपट्टीत ठेवा, पानपट्टी उशिरापर्यंत उघडी असते, आणि त्याला फोन करून तसं कळवा.